कार्नेट

वाहनाचं वय, असा रकाना असतो.
त्यात मी चव्वेचाळीस लिहिलं
आणि पेन तसंच धरून बसलो क्षणभर :
ट्रक माझ्याहून दोन वर्षांनी थोरला निघाला.

मुरगाव बंदर, नऊ नंबरचं गेट.
उतरवला तेव्हा वाळूच्या रंगाचा होता,
तीन दिवसांत कोळशाच्या भुकटीनं
वास्कोतल्या आम्हा सगळ्यांसारखाच झाला.
उंची इतकी, की कंटेनरात मावेना.
छपरावर दोन जाळीदार पेट्या, मागं शिडी,
पोटाखाली पाण्याची टाकी,
आणि स्टिअरिंग डावीकडे.

कायतान बार्रेतो, असोळण्याचा तारवटी.
चाळीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये,
आता निवृत्त, आता गुडघे.
ग्रॅच्युइटीचा मोठा घास या लोखंडात गेला.
मी सांगितलं, कायमचा आणता येणार नाही,
तीन वर्षांहून जुनं वाहन सरकार घेत नाही.
तो म्हणाला, मग पाहुणा म्हणून?
पाहुणा म्हणून चालतं. कार्नेटवर, सहा महिने.
पण मालक परदेशी लागतो.
त्यानं खिशातून तांबडा पासपोर्ट काढला, पोर्तुगालचा,
आणि टेबलावर असा ठेवला
जसा कोणी कवळी काढून ठेवतो.

मालक : परदेशी.
मुक्काम : असोळणे, चर्चच्या मागं, आजोबांनी बांधलेलं घर.
माझ्याच अक्षरात आहे ते.

तपासणीला प्रभुदेसाई मॅडम आल्या.
साडी खोचून शिडीवरून आत चढल्या, टॉर्च घेऊन.
खणात एक चमचा, फारसी अक्षरांची काडेपेटी,
आणि कपाटाच्या दारावर आतल्या बाजूनं
पेन्सिलीच्या आडव्या रेघा,
कुणा पोराच्या उंचीच्या.
म्युनिक. इझमीर. तब्रीझ. क्वेट्टा.
तब्रीझ आणि क्वेट्टाच्या मध्ये चांगलं बोटभर अंतर.
पुढं रेघ नाही.
मॅडम म्हणाल्या, इथून कुठं गेला असेल हा?
मी यादी चाळली. इंजिन नंबर होता, चासी नंबर होता,
सुटे टायर दोन.
कायतान म्हणाला, रंग देईन सगळ्याला,
एवढं दार सोडून.

चहाच्या टपरीवर मी विचारलंच :
अख्खं जग पाहिलंत तुम्ही, आता हे कशाला?
तो बशीत चहा ओतत राहिला.
मग म्हणाला, जग पाहिलं रे,
पण काठाकाठानं.
सान्तोसची क्रेन पाहिली, रॉटरडॅमची क्रेन पाहिली,
मुरगावची तर जन्मापासून.
आत काय असतं ते
कुणी दाखवलंच नाही.

अकराव्या दिवशी शिक्का बसला.
चावी फिरवली तर नुसती कुरकुर,
मग बॅटरी उसनी, पोर्टातल्या एका टिपरची,
मग एकदम काळा धूर आणि असा आवाज
की फलाटावरचे कावळे उठले.
त्याचा चेहरा मी पाहिला नाही,
तो खाली वाकून इंजिन ऐकत होता.

कुठ्ठाळीच्या चढावर लोक वळून वळून बघत होते म्हणे :
एवढा मोठा ट्रक, आणि उजव्या सीटवर
एर्मेलिंडा बाय, हातात चाक नाही,
मांडीवर मिसकुटाची बरणी,
डोळे मिटलेले, ओठ हलताहेत.

परवा रात्री फोन आला. विजापूरच्या पुढं कुठंतरी.
गोल घुमट पाहिलास का, म्हटलं.
हो हो, म्हणाला, ते राहू दे.
इथल्या वाऱ्याला मिठाचा वास नाही रे,
जमीन हलत नाही, काहीच हलत नाही,
झोप लागत नाही आम्हां दोघांना.
मागं एर्मेलिंडा कोकणीत काहीतरी ओरडली,
भांडं पडलं, दोघं हसली, फोन कटला.

ऑफिसच्या कॅलेंडरवर
चौदा मेला मी लाल गोल केला आहे :
ट्रक देशाबाहेर. न गेल्यास दंड.
त्याच्या आधी एकदा सांगायला हवं त्याला,
पेन्सिल घेऊन ठेव म्हणावं.
दारावर जागा आहे अजून.